सावलीला न घाबरणारा किडा

४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फोन केला की तू "सगळं ठीक आहे" म्हणून तीन वाक्यांत मला वाटेला लावतेस. म्हणून पत्रच लिहिते. पत्रात तुला मध्येच "थांब हं, गॅसवर काहीतरी आहे" म्हणता येणार नाही.

आधी कामाचं सांगते. मला दादाच्या बाटल्या हव्या आहेत, अकराच्या अकरा.

लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस, पुढे वाच. आमच्या प्रयोगशाळेत गेले सहा महिने प्रवाळातल्या नळकिड्यांचं काम चाललंय. तेच, दादाचे. पोवळ्याच्या खडकात नळी करून राहणारे आणि दोन रंगीत तुरे बाहेर काढून बसणारे. आजवर माणसं ते नुसत्या डोळ्यांनी ओळखायची. रंग बघायचा, नळीच्या झाकणावरची शिंगं मोजायची आणि म्हणायचं, हा अमुक, तो तमुक. मग दोन जाणकार जमले की तीन मतं. आता आम्ही किड्याचा तांदळाएवढा तुकडा घेतो, त्याच्या जनुकातली एक ठरावीक ओळ वाचतो आणि दोन किड्यांच्या ओळी एकाखाली एक ठेवतो. अक्षरं जुळली की जात एक, बरीच वेगळी निघाली की जाती दोन. तिथे कुणाच्या वयाचं आणि चष्म्याचं काही चालत नाही.

दादा शेवटपर्यंत सांगत राहिला की तुमच्या घराजवळच्या खडकावरचा पिवळा किडा वेगळ्या जातीचा आहे. सावली पडली की बाकीचे झटकन नळीत शिरतात आणि हा आपला तसाच बसून राहतो. दादा गोदीतला पाणबुड्या, म्हणून संग्रहालयातले ते भिंगवाले आजोबा त्याला चारचौघांत म्हणाले होते, "पाणबुड्यांनी जहाजांचे तळ घासावेत." त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही, हे तूच मला सांगितलं होतंस.

गेल्या महिन्यात मी त्या खडकावर जाऊन आले. तुला कळवलं नाही, कारण तुझ्याकडे न येता परतले. तुझ्या दारात उभं राहायचं धाडस झालं नाही. पाणी तापून सगळा खडक पांढरा पडलाय. एक तुरासुद्धा दिसला नाही. दादाचा किडा आता फक्त तुझ्या कपाटावर आहे.

तो बरोबर होता, हे मला दाखवायचंय. जात वेगळी निघाली तर तिला त्याचं नाव देता येईल. बाटल्या देशील ना?

तुझी,
नणंद


१५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

ही हाक ऐकली की तुझा दादा मला म्हणायचा, कुठल्या जमान्यातली आहेस तू. असू दे. सहा वर्षांत मला या हाकेवरून चिडवायला कुणी उरलेलं नाही.

पत्र वाचलं आणि पहिल्यांदा ठरवलं, नाही द्यायच्या. चार दिवस तुला मनातल्या मनात बोल लावले. तूच त्याला लिहिलं होतंस की आहेत तेवढे किडे पुरेसे नाहीत, अजून तीन आण, मग तुझी बाजू मांडता येईल. सुट्टीचा दिवस होता, तो त्या तिघांसाठी गेला आणि त्याला वर आणला तेव्हा सिलिंडर रिकामं होतं. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहून दाखवतेय, एकदाच. परत नाही काढणार. माझ्या दारात यायला तू घाबरतेस ते यासाठीच, हे न कळायला मी काही दूधखुळी नाही.

कमरेच्या जाळीत ते तिघं होते. बाकीचे लोक डॉक्टर आणा, गाडी आणा करत होते आणि मी घरी येऊन त्या तिघांना स्पिरीटमध्ये टाकलं. लोकांना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मला एवढंच सुचलं की हे वाळले तर तो चिडेल. दहा बाटल्यांत त्याच्या हातच्या चिठ्ठ्या आहेत, शिसपेन्सिलीने लिहिलेल्या, कारण शाई स्पिरीटमध्ये धुऊन जाते म्हणायचा. अकरावीतली चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे. तिच्यावर फक्त तारीख आहे.

तर बाटल्या पाठवतेय. प्रत्येकीला वेगळा टॉवेल गुंडाळलाय आणि मध्ये त्याचे जुने बनियन कोंबलेत. बनियन परत पाठव. बाटल्या मी काठोकाठ भरलेल्या ठेवल्यात. स्पिरीट मेलं उडून जातं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी झाकणं काढून भर घालत आलेय. एकही किडा मी वाळू दिलेला नाही, हे त्या भिंगवाल्याला जिवंत असला तर सांग.

त्याचं नाव किड्याला कसं देतात? पहिलं नाव की आडनाव? विचारून ठेव.

तुझी वहिनी


२ मार्च

प्रिय वहिनी,

बाटल्या पोचल्या. एकीलाही तडा नाही. इथे सगळे तुझ्या बांधणीचं कौतुक करताहेत. आमच्या बाई, म्हणजे विभागप्रमुख, सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत, त्या म्हणाल्या की अशी पुडकी बांधणारं माणूस आपल्याकडे नाही. बनियन धुऊन ठेवलेत, जपून पाठवते.

तू लिहिलंस ते मी वाचलं. वहिनी, तू ते लिहिलंस हे बरं केलंस. गेली सहा वर्षं मी रोज स्वतःला तेच सांगतेय. "अजून तीन आण" हे माझेच शब्द आहेत. तेव्हा मी नवी होते, बाईंसमोर माझं वजन पडावं म्हणून नमुने वाढवायचे होते. दादाच्या कामापेक्षा मला माझं पडलं होतं. म्हणून आता तरी त्याचं काम तडीला न्यायचंय.

नाव आडनावावरून देतात किंवा पहिल्या नावावरून, दोन्ही चालतं. तू सांगशील तसं करू.

एक छोटंसं विचारायचं होतं. भर घालत होतीस ती कशाची? झाकण उघडलं तर वास जरा वेगळा आला. नोंदीसाठी हवंय, बाकी काही नाही.

तुझी,
नणंद


१० मार्च

प्रिय वन्सं,

पहिलंच नाव दे. आडनाव काय, घरात सगळ्यांचंच असतं.

भर फॉर्मलीनची. आमच्या खात्यातलं. तुला ठाऊक आहे, मी रुग्णालयात तपासणीचे तुकडे सांभाळते. ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा तुकडा आला की त्याला नंबर द्यायचा आणि फॉर्मलीनमध्ये सोडायचा. वीस वर्षांपूर्वीचं आतडं आमच्याकडे कालच काढल्यासारखं ठेवलेलं आहे. स्पिरीट ते स्पिरीट, उडून जाणारं. फॉर्मलीन कसं माणसासारखं, जिथे ठेवाल तिथे राहतं. मोठ्या डॉक्टरांना विचारून, रीतसर मागून आणत होते, चोरून नाही. म्हणाले, घरी काय जतन करताय? मी म्हटलं, नवऱ्याची कमाई.

माझ्या हाताला त्याचा वास लागलेला असायचा. तुझा दादा घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला समुद्राचा आणि तेलाचा वास, माझ्या हाताला याचा. दोघं जेवायला बसलो की म्हणायचा, आपल्या घरात अन्नाचा वास सोडून सगळे वास आहेत.

मी खात्यात सगळ्यांना सांगून बसलेय की माझ्या नवऱ्याच्या नावाचा किडा येणार. त्या पोरी हसतात, म्हणतात, आमच्या नवऱ्यांच्या नावाने तर आधीपासूनच किडे वळवळतात. हसू देत. मी गेल्या आठवड्यात त्याचा गोदीतला डबा काढून घासला. का, ते विचारू नकोस. कधी कळेल ते लवकर लिही. सहा वर्षं कशाचीच वाट बघितली नव्हती, सवय मोडलीय.

तुझी वहिनी


२८ एप्रिल

प्रिय वहिनी,

उशीर झाला, रागावू नकोस. तुझी दोन कार्डंही पोचली. उत्तर लिहायला बसायची आणि उठायची.

सरळच लिहिते. दादाच्या किड्यांची ओळ वाचता आली नाही. अकराही बाटल्यांचे तुकडे घेतले, पुन्हा घेतले, तिसऱ्यांदा घेतले. जुन्या नमुन्यांचं असंच होतं. वर्षं गेली की जनुकाचे तुकडे पडतात. यंत्राला हाती काहीच लागत नाही. कुणाचा दोष नाही, काळाचा आहे.

याचा अर्थ दादा चुकला असा मुळीच नाही. एवढाच की बरोबर होता की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. भिंगवाल्यांनाही नाही. झाकली मूठ म्हण हवं तर.

बाटल्या तशाच नीट आहेत. मी स्वतः घेऊन येईन, या खेपेला दारापर्यंत.

तुझी,
नणंद


९ मे

प्रिय वन्सं,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी डबा परत माळ्यावर टाकला. वाईट वाटलं, पण म्हटलं, चला, काळाचा दोष. काळाशी कोण भांडणार.

मग काल मोठ्या डॉक्टरांनी सहज विचारलं, काय झालं तुमच्या किड्याचं? मी सांगितलं की सहा वर्षं जुने होते, वाचता आले नाहीत. ते म्हणाले, सहा वर्षं म्हणजे काहीच नाही, स्पिरीटमध्ये तर पन्नास वर्षांपूर्वीचेही वाचतात. मग विचारलं, तुम्ही त्यांत आपलं फॉर्मलीन तर घालत नव्हतात ना?

त्यांनी मला नीट समजावलं. चांगला माणूस आहे, खुर्ची देऊन समजावलं. फॉर्मलीनने वरचं रूप राहतं आणि आतली अक्षरं तुटतात, एकमेकांना चिकटून बसतात. म्हणजे आतडं दिसतं कालच्यासारखं, पण आत वाचण्यासारखं काही राहत नाही. ते बोलत होते आणि मी हाताचा वास घेत होते.

तू मार्चमध्येच विचारलं होतंस, भर कशाची म्हणून. "नोंदीसाठी" म्हणे. तेव्हाच तुला कळलं होतं आणि तू काळावर ढकललंस.

वन्सं, तो खडक मेलाय. तसा किडा कुठे दुसरा नाही, तूच लिहिलंस. अकरा बाटल्या होत्या जगात. त्या मी माझ्या हाताने संपवल्या. एकदा नाही, दर दोन-तीन महिन्यांनी, सहा वर्षं, झाकण काढून, नरसाळ्याने, एक थेंब बाहेर सांडू न देता. तू त्याला एकदा पाण्यात पाठवलंस. मी त्याला किती वेळा बुडवलं, ते मोजायला बसले आणि तिसाच्या पुढे सोडून दिलं. तुला बोल लावलेले मी परत घेते. तुझ्या चुकीत निदान त्याचं काम पुढे जाणार होतं.

मी खात्यातून आठ दिवसांची रजा घेतलीय. रुग्णालयातल्या बाटल्यांनाही हात लावायचा धीर होत नाही. एवढं जपायला नको होतं. अडगळीत टाकून विसरले असते तर आज त्याचं नाव असतं.

वहिनी


१७ मे

प्रिय वहिनी,

हे पत्र मी सहा वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवते.

मी तुझ्याशी खोटं बोलले. पण तुला वाटतंय ते खोटं ते नव्हे.

फॉर्मलीनने नऊ बाटल्यांचं नुकसान झालं, ते खरं आहे. पण दोन बाटल्यांची झाकणं इतकी घट्ट होती की त्यांतलं स्पिरीट उडालंच नव्हतं, तू त्यांत फार तर चमचाभर घातलं असशील. चौथी आणि अकरावी. त्यांतून पूर्ण ओळ निघाली नाही, पण छोटे छोटे तुकडे मिळाले, आणि ते जोडून जवळजवळ सगळी ओळ वाचता आली. तीनदा तपासली. बाईंनी दुसऱ्या प्रयोगशाळेतूनही तपासून घेतली.

वहिनी, तो किडा वेगळा नाही. शेजारच्या खडकावरच्या साध्या पिवळ्या किड्याचीच जात. अक्षरं तंतोतंत जुळतात. नळीच्या झाकणावरचं जे जादा शिंग दादा दाखवायचा, ते झाकण माशाने तोडून नव्याने उगवलं की कधी कधी येतं. वेगळी जात निघाली ती निळ्यांमध्ये, ज्यांना दादा "हे काय, ढिगाने पडलेत" म्हणून हातसुद्धा लावायचा नाही.

आणि सावलीचं विचारशील. त्यावर मी खूप वाचलं. या किड्यांवर रोज तीच सावली पडत राहिली आणि तिने त्यांना काही केलं नाही, तर हळूहळू ते आत जायचे थांबतात. दादा दर सुट्टीला त्याच खडकापाशी तासन् तास असायचा. ते किडे धीट नव्हते, वहिनी. त्यांना त्याची सवय झाली होती.

हे कळलं तेव्हा मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडले. ज्या तिघांसाठी मी त्याला पाठवलं, ते तिघं रस्त्यावरच्या खड्यांइतके साधे निघाले. तुला हे कसं सांगू? म्हणून म्हटलं, वाचताच आलं नाही असं सांगावं. तो बरोबर असू शकतो, एवढं तरी तुझ्याकडे राहील. माझ्या खोट्याची शिक्षा तू स्वतःला देशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्या हाताने काही संपलेलं नाही. चुकला तो दादा. आणि त्याच्या चुकीवर त्याला आणखी पाण्यात ढकलणारी मी.

तुझा विश्वास बसणार नाही म्हणून निकालाचा कागद वेगळ्या पाकिटात घालून सोबत ठेवलाय. दोन ओळी एकाखाली एक आहेत. तुला शास्त्र कळायची गरज नाही, नुसती अक्षरं जुळवून बघ. कुठल्याही डॉक्टरांना दाखव.

तू कामावर परत जा. मला काय म्हणायचं ते म्हण, पण स्वतःला काही म्हणू नकोस.

तुझी,
नणंद


१ जून

प्रिय वन्सं,

पत्र वाचलं. निकालाचं पाकीट तसंच परत पाठवतेय. फोडलेलं नाही, चिकटवलेली कड बघ.

दहा दिवस ते माझ्यासमोर होतं. मी रजा वाढवली. मग एक दिवस स्वयंपाक करता करता मला नीट कळलं की आधी तू मला वाचवायला खोटं लिहिलंस की आता वाचवायला लिहितेयस, हे ठरवण्याचा एकच मार्ग आहे आणि तो त्या पाकिटात आहे. तू खोटं बोलायला लागलीस की भरभरून लिहितेस, आणि हे पत्र लांबलचक आहे. पण तू खरं बोलतानाही रडून लांबवतेस. म्हणून त्यावरून काही ठरत नाही.

मग मी दोन्ही बाजूंनी जगून बघितलं. एक दिवस मानलं की कागद खरा आहे. तो दिवस असा गेला, की त्या सुट्टीच्या सकाळी लवकर उठून, मला न उठवता, स्वतःच चहा करून तुझा दादा गेला तो कशासाठी, हे दिवसभर शोधत होते आणि काही सापडत नव्हतं. संग्रहालयात त्याला हसले, तेव्हा हसणारे बरोबर होते. मी त्याला सांगितलं होतं, तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे, तू जा. हो, हे तुला माहीत नाही. आदल्या दिवशी तो नको म्हणत होता, पाणी गढूळ आहे म्हणत होता. मीच म्हटलं, जा, एकदाचं त्यांचं तोंड बंद कर. त्या एका दिवसानंतर मला दुसरा तसा दिवस काढता आला नसता.

दुसऱ्या दिवशी मानलं की तो बरोबर होता आणि माझ्या हाताने सगळं गेलं. तेही वाईटच. पण त्या दिवशी मी जेवले. सोमवारी कामावर गेले. एका तुकड्याला नंबर दिला. मग फॉर्मलीनमध्ये सोडला.

तुझ्या प्रबंधात जे खरं असेल ते लिही. शास्त्रात खोटं लिही असं मी म्हणणार नाही, त्याला ते आवडलं नसतं. फक्त छापून आलं की मला पाठवू नकोस आणि भेटलीस तरी विषय काढू नकोस. तू ये. दार उघडंच आहे, तुला जेवायला वाढीन, तुझ्या रडण्याला कंटाळणार नाही.

पण या घरात तो बरोबर होता आणि चूक माझी होती. एवढं मला पेलतं. दुसरं पेलायचं नाही.

तुझी वहिनी